तारीख एक दिवस मागे, दोन दिवस पुढे: डेटाबेसमधला तारखेचा घोळ कसा शोधायचा

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या जिनिंग, दाळमिल, पतपेढ्या, दूध संकलन केंद्रं आणि भुईकाट्यांवरची सॉफ्टवेअर दुरुस्त करणं हे माझं काम. मशीन वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं, पण एक तक्रार सगळीकडून येते: "भाऊ, तारीख मांगे गई." माल १० मेला उतरलेला असतो आणि पावतीवर ९ मे छापून येतं.

मी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी ऑपरेटरने ती तारीख हाताने बदललेली असते. कृपया तसं करू नका. चुकलेली तारीख हाच तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. खऱ्या आणि दिसणाऱ्या तारखेत नेमका किती फरक आहे, यावरून बिघाड कुठे आहे ते जवळजवळ नेहमीच कळतं. एक दिवसाचा फरक आणि दोन दिवसांचा फरक यांची कारणं अगदी वेगळी असतात. म्हणून आधी खरी तारीख-वेळ, दिसणारी तारीख-वेळ (सेकंदांसकट) आणि नोंद कशी झाली (हाताने, एक्सेलमधून की मोबाइलवरून) एवढं कागदावर लिहून काढा. अशा पाच-सहा नोंदी लिहिल्या की फरकाचं माप दिसू लागतं.

लक्षणं

तुमचं लक्षण यांपैकी कोणतं ते आधी ठरवा.

- आजपासूनच्या सगळ्या नोंदी चुकीच्या, जुन्या मात्र बरोबर. वर्षसुद्धा भलतंच.
- महिन्याच्या १ ते १२ तारखांच्या नोंदी दुसऱ्याच महिन्यात गेल्या, १३ ते ३१ जागेवर.
- तारीख बरोबर दोन दिवस पुढे. किंवा चार वर्षं आणि एक दिवस मागे-पुढे.
- ३१ मार्चच्या रिपोर्टात १ एप्रिलचे व्हाउचर आले, किंवा ३१ मार्चचेच गायब.
- तारीख एक दिवस मागे, आणि वेळ पाहिली तर संध्याकाळचे साडेसहा.
- वेळ न टाकलेल्या सगळ्या नोंदींवर सकाळचे साडेपाच.
- फक्त पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसात धरल्या जातात.
- १ जानेवारी १९७०, १ जानेवारी १९०० किंवा ३० डिसेंबर १८९९ अशा तारखा आपोआप येतात.
- वयस्कर सभासदाचं वय उणे दाखवतं.

तारीख म्हणजे आत साठवलेला आकडा

डेटाबेसमध्ये '१०/०५/२०२४' असं क्वचितच लिहिलेलं असतं. एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस, किती सेकंद झाले तो आकडा बाइटांमध्ये (संगणकाच्या साठवणुकीच्या छोट्या कप्प्यांत) ठेवलेला असतो. आपण मागितल्यावर सॉफ्टवेअर त्याची तारीख करून दाखवतं. हा ठरलेला दिवस प्रत्येकाचा वेगळा आहे.

समजा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी, १० मे २०२४ ला सकाळी साडेदहाला एक पावती फाडली. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा जुना 'डेटटाइम' प्रकार ८ बाइट घेतो आणि त्यात चार-चार बाइटांचे दोन आकडे ठेवतो. पहिला १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस, म्हणजे ४५४२०. दुसरा मध्यरात्रीपासून सेकंदाचे तीनशेवे भाग किती झाले, म्हणजे १,१३,४०,०००. एक्सेल हीच वेळ ४५४२२.४३७५ अशी लिहितं. युनिक्सच्या पद्धतीत १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतात, ते येतात १,७१,५३,१७,२००. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी चालणारा फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस ज्युलियन दिवस (दिवसांची सलग मोजणी) २४,६०,४४१ आणि मध्यरात्रीपासूनचे ३,७८,००,००० मिलिसेकंद ठेवतो. ओरॅकलचा 'डेट' प्रकार सात बाइटांचा: १२०, १२४, ५, १०, ११, ३१, १. त्यात शतक आणि वर्ष यांत शंभर मिळवलेले असतात, तास-मिनिट-सेकंदांत एक. मायएसक्यूएलचा 'डेट' तीन बाइटांत वर्ष गुणिले ५१२, अधिक महिना गुणिले ३२, अधिक दिवस, म्हणजे १०,३६,४५८ असा बसतो. पोस्टग्रे १ जानेवारी २००० पासूनचे मायक्रोसेकंद आठ बाइटांत मोजतो.

क्षण एकच आहे. धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याचं अंतर धुळ्यापासून मोजा नाहीतर जळगावपासून, पारोळा जागेवरच असतं, दगडावरचा आकडा तेवढा बदलतो. घोळ होतो तो एका दगडावरचा आकडा दुसऱ्या टोकापासूनचा समजून वाचल्यामुळे.

पहिली तपासणी: घड्याळ आणि त्याचा सेल

डेटाबेसला स्वतःचं घड्याळ नसतं. 'आत्ता किती वाजले' हे तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो आणि मशीन बंद असताना तिची वेळ मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल जपतो. वीज वारंवार जाते आणि जिनिंग हंगाम संपल्यावर महिनोन्महिने बंद राहते, तिथे हा सेल संपलेला सापडतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, म्हणून सुरुवात इथून.

मशीन बंद करा, प्लग काढा, थोड्या वेळाने चालू करून लगेच तारीख पाहा. इंटरनेट असेल तर ते आधी तोडा, नाहीतर विंडोज मागच्या मागे वेळ दुरुस्त करून घेईल आणि दोष झाकला जाईल. तारीख जुन्या वर्षात गेली तर सेल बदला.

तपासायचं मशीन कोणतं, हेही महत्त्वाचं. काही सॉफ्टवेअर तारीख सर्व्हरकडून घेतं, काही ज्याच्यासमोर ऑपरेटर बसलाय त्या संगणकाकडून. एकाच काउंटरच्या पावत्या चुकत असतील तर त्या काउंटरचं घड्याळ पाहा.

त्याच खिडकीत टाइम झोन बघून घ्या. नवीन विंडोज टाकताना अमेरिकेचा पॅसिफिक झोन तसाच राहतो आणि कोणीतरी काटे हाताने फिरवून वेळ जुळवतं. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं, पण इंटरनेटवरच्या सर्व्हरशी देवाणघेवाण झाली की साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक पडतो. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून हे दोन आकडे. झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असाच हवा.

घड्याळ सुधारलं तरी आधी झालेल्या चुकीच्या नोंदी सुधारत नाहीत. त्या तशाच ठेवा, यादी करा.

दुसरी तपासणी: आधी दिवस की आधी महिना

हेही फुकटात पाहता येतं. नव्या विंडोजवर 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' ही मांडणी असेल तर ०६/११ म्हणजे ११ जून होतं. आपल्याला हवा असतो ६ नोव्हेंबर. १२ च्या पुढच्या तारखांना असा दुसरा अर्थ लागतच नाही. तिथे काही सॉफ्टवेअर चूक दाखवतं आणि काही गुपचूप क्रम उलटून बरोबर अर्थ लावतं. हे गुपचूप करणारं जास्त त्रास देतं, कारण निम्मा महिना ठीक दिसतो आणि कोणाला शंका येत नाही.

जिनिंगमध्ये हा दोष पकडायला एक सोपी खूण आहे. जूनमध्ये कपाशीची खरेदी दिसते का बघा. त्या महिन्यात काटा बंद असतो, मग ११ जूनच्या नावावर पाऊणशे क्विंटल कापूस आला कुठून? तो ६ नोव्हेंबरचा आहे.

लक्षात घ्या, अक्षरांचा आकडा होताना ही चूक एकदाच होते. ११ जूनचा आकडा बाइटांत बसला की मूळ क्रम काय होता याची खूण कुठेही उरत नाही. त्यामुळे मांडणी दुरुस्त केल्यावर जुन्या नोंदी आपोआप फिरणार नाहीत. छापील पावतीपुस्तकाशी ताडूनच त्या सुधाराव्या लागतील.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी आणखी एक पाहावं. लॉगिनची भाषा 'ब्रिटिश' केली की दिवस-महिना-वर्ष हा क्रम लागू होतो, आणि मग जुन्या 'डेटटाइम' प्रकारासाठी '२०२४-०४-०३' हे सर्व्हर वर्ष-दिवस-महिना असं वाचतो, म्हणजे ४ मार्च. हीच ओळ नव्या 'डेट' किंवा 'डेटटाइम२' प्रकारासाठी ३ एप्रिल वाचली जाते. एकाच टेबलात दोन्ही प्रकारचे कॉलम असले तर माणूस चक्रावतो. मधल्या रेघा काढून '२०२४०४०३' लिहिलं की सगळीकडे ३ एप्रिलच होतो. क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) तारीख लिहायची वेळ आली तर मी दुसरी पद्धत वापरत नाही.

तिसरी तपासणी: एक्सेलमधून आलेला माल

फरक बरोबर दोन दिवस पुढे असेल तर पुढचं काही पाहण्याआधी विचारा, हा डेटा एक्सेलमधून आला का? उत्तर बहुधा हो येतं.

एसक्यूएल सर्व्हर १ जानेवारी १९०० ला शून्य म्हणतो, एक्सेल त्याच दिवसाला एक म्हणतं. हा झाला एक दिवस. दुसरा दिवस आहे २९ फेब्रुवारी १९००. तो कधी झालाच नाही, १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमने तो धरला होता आणि त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनेही धरला. म्हणून १० मे २०२४ चा एक्सेलमधला आकडा ४५४२२ आणि एसक्यूएल सर्व्हरमधला ४५४२०. एक्सेलचा आकडा तारीख न करता तसाच आत टाकला की तो १२ मे होतो.

अ‍ॅक्सेसने यातून वाट काढली: मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून ठेवली, म्हणजे मार्च १९०० नंतरचे आकडे एक्सेलशी जुळतात.

फरक १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस असेल, तर ती फाइल १९०४ पासून मोजणाऱ्या पद्धतीची आहे. ही पद्धत मॅकवरच्या जुन्या एक्सेलमधून आली. एक्सेलच्या पर्यायांत '१९०४ डेट सिस्टिम' ही खूण तपासा.

उपाय स्वस्त आहे. आयात करण्याआधी एक्सेलमध्येच तारखेचा कॉलम वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात बदलून घ्या.

चौथी तपासणी: रिपोर्टची शेवटची तारीख

मार्च एंडला सर्वांत जास्त फोन याच कारणाने येतात आणि लोक सर्वांत जास्त घाबरतातही याच लक्षणाने. डेटा मात्र पूर्ण शाबूत असतो. दोष फक्त विचारणाऱ्या क्वेरीत असतो, म्हणून इथे कोणत्याही नोंदीला हात लावू नका.

क्वेरी '१ मार्च ते ३१ मार्च' असं विचारते. ३१ मार्चला वेळ दिलेली नसल्यामुळे सर्व्हर ती मध्यरात्रीची धरतो. म्हणजे ३१ मार्चला दिवसभरात, दुपारी बारा किंवा संध्याकाळी पाचला झालेल्या नोंदी हद्दीबाहेर पडतात. वर्षाचा शेवटचा, सगळ्यात गडबडीचा दिवस अख्खा गायब.

मग कोणीतरी हुशारीने शेवट '३१ मार्च, २३:५९:५९.९९९' असा लिहितो. आता उलटं होतं. जुना 'डेटटाइम' सेकंदाचे तीनशे भागच ओळखतो, त्यामुळे त्याच्याकडे हजारांश शेवटी फक्त ०, ३ किंवा ७ असे येतात. .९९९ ला जागाच नाही. तो गोल होऊन १ एप्रिल ००:००:०० होतो. आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरला वेळ नसते, फक्त तारीख असते, तिथे १ एप्रिलचे सगळे व्हाउचर नेमके ००:००:०० वरच बसलेले असतात. सुरुवातीची शिल्लक, पहिल्या दिवसाचा भरणा, सगळं मागच्या वर्षात दिसतं आणि ताळेबंद जुळत नाही. 'स्मॉलडेटटाइम' प्रकारात तर साधं २३:५९:५९ लिहिलं तरी हेच होतं, कारण तो मिनिटापर्यंतच मोजतो आणि बाकीचे सेकंद जवळच्या मिनिटात गोल करतो.

खात्री करायला ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन दिवसांच्या नोंदी वेळेसकट काढून पाहा आणि त्यांची रोजकीर्दीशी गाठ घाला. उपाय एकच: '१ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आत' अशी अट. 'आत' म्हणजे १ एप्रिलपेक्षा लहान, १ एप्रिल धरून नाही. या अटीला कोणताही प्रकार, कितीही सूक्ष्म सेकंद असले तरी फरक पडत नाही. 'बिट्वीन' (अमुक ते तमुक, दोन्ही टोकं धरून) वापरून तारखांची हद्द लिहिलेली क्वेरी दिसली की मी ती बदलायला सांगतो, त्या दिवशी बरोबर चालत असली तरी.

पाचवी तपासणी: साडेपाच तास

इथून पुढे डेटाबेस उघडून बघावं लागतं. त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का ते पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. भारतात हा फरक वर्षभर तोच राहतो, त्यामुळे शोध सोपा जातो. साडेपाच तासांचा दोष चार रूपांत भेटतो आणि प्रत्येकाचं कारण थोडं वेगळं आहे.

पहिलं रूप: ऑफिसमधला सर्व्हर क्लाउडवर हलवला आणि त्या दिवसापासून सगळ्या वेळा साडेपाच तास मागे. क्लाउडवरचे सर्व्हर सहसा ग्रीनिच वेळेवर चालतात, आणि सॉफ्टवेअर सर्व्हरलाच वेळ विचारतंय.

दुसरं: तारीख एक दिवस मागे आणि वेळ १८:३०. बिलाची तारीख १० मे, मध्यरात्र धरली गेली. ब्राउझरने किंवा मोबाइल अ‍ॅपने ती पाठवताना ग्रीनिचमध्ये बदलली, ९ मे १८:३० झाली, आणि पुढच्याने वेळेचा भाग कापून नुसती ९ मे ठेवली. आधुनिक वेब-सॉफ्टवेअरमध्ये तारीख मागे जाण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

तिसरं याच्या उलट. '२०२४-०५-१०' ही नुसती तारीख ग्रीनिचची मध्यरात्र समजली गेली आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवले. दिवस बरोबर, पण प्रत्येक बिलावर सकाळचे साडेपाच.

चौथं रूप लवकर लक्षात येत नाही. नोंदींच्या वेळा बरोबर दिसतात, फक्त दिवसाची बेरीज चुकते. दूध संकलनाला पहाटे पाचपासून रांग लागते, आणि साडेपाचच्या आधीचं दूध कालच्या बेरजेत जातं. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक रात्री भरतात, काट्यावर रात्री दोन वाजता वजन होतं, आणि ते आदल्या दिवसाच्या खात्यात पडतं. महिन्याची बेरीज जवळपास जुळत असल्याने लोक दुर्लक्ष करतात. दिवसाचा हिशेब ग्रीनिचच्या तारखेने गटवारी करून काढला जातोय, एवढंच कारण.

मायएसक्यूएल असेल तर एक निरुपद्रवी चाचणी आहे. त्याच जोडणीत सेशनचा टाइम झोन '+००:००' ठेवून एक नोंद वाचा, मग '+०५:३०' ठेवून तीच नोंद वाचा. वेळ बदलली तर कॉलम 'टाइमस्टॅम्प' आहे: तो आत ग्रीनिचचे सेकंद ठेवतो आणि मागणाऱ्याच्या झोनप्रमाणे दाखवतो. बदलली नाही तर 'डेटटाइम' आहे: तो भिंतीवरच्या घड्याळासारखी जी वेळ दिली तीच ठेवतो. पहिल्या प्रकारात आतला आकडा बहुधा बरोबर असतो आणि झोन लावला की काम होतं. दुसऱ्यात चुकीची वेळच साठवली गेलेली असते. पोस्टग्रेमध्येही झोनसह आणि झोनविना असे दोन प्रकार आहेत. दोघेही आठच बाइट घेतात. झोनसह असलेला प्रकार झोनचं नाव कुठेही साठवत नाही, फक्त ग्रीनिचमध्ये बदलून ठेवतो.

दुरुस्तीत सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे अख्ख्या कॉलममध्ये साडेपाच तास मिळवणं. सर्व्हर हलवण्याआधीच्या नोंदी बरोबर असतात, त्या आता पुढे जातील. काही ठिकाणी हे एकदा कोणीतरी करून गेलेलं असतं. फरक साडेपाच तास पुढचा दिसला तर तीच शंका घ्या. आधी ज्या नोंदीपासून दोष सुरू झाला ती नोंद शोधा, डेटाबेसच्या प्रतीवर तेवढाच भाग सुधारा, छापील पावत्यांशी ताडा, मगच खऱ्या डेटाबेसला हात लावा.

आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. बिलाची तारीख, ठेवीची मुदत, जन्मतारीख हे दिवस आहेत, क्षण नाहीत. त्यांना 'डेट' प्रकारच द्या, वेळ चिकटवूच नका. काट्यावर वजन झालं तो क्षण आहे, तो ग्रीनिचमध्ये ठेवा. एवढं पाळलं तर वरची चारही रूपं जवळजवळ संपतात.

सहावी तपासणी: टोकाच्या तारखा

यांत साठवलेला आकडा बहुतेकदा शून्य असतो. १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच म्हणजे युनिक्सचं शून्य. १ जानेवारी १९०० म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचं. तारखेच्या जागी रिकामा मजकूर पाठवला की हे येतं. ३० डिसेंबर १८९९ म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये तारखेचा भागच आलेला नाही. तारीख रिकामी असेल तर ती 'नल' (खरोखर रिकामी) म्हणून पाठवली जाते का, ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.

२०२४ च्या नोंदी जानेवारी १९७० च्या तिसऱ्या आठवड्यात दिसत असतील तर सेकंद पाठवले आणि समोरच्याने मिलिसेकंद समजले. उलट झालं तर वर्ष छप्पन्न हजारांच्या पुढे जातं.

पतपेढ्या आणि बँकांनी २०३८ आत्ताच तपासावं. चार बाइटांत चिन्हासह मावणारे सेकंद आपल्या वेळेने १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. आज दिलेल्या पंधरा वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यापलीकडे जातो. मुदतीची तारीख डिसेंबर १९०१ दाखवत असेल किंवा मायएसक्यूएल ती घ्यायलाच नकार देत असेल, तर कॉलम चार बाइटांचा (मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्प') आहे, तो बदलायला हवा. एसक्यूएल सर्व्हरच्या 'स्मॉलडेटटाइम'ची हद्द ६ जून २०७९ आहे.

सातवी तपासणी: फॉक्सप्रोमधली दोन अंकी वर्षं

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये साधी तारीख आठ अक्षरांत, वर्ष-महिना-दिवस अशी सरळ लिहिलेली असते, त्यामुळे फाइल उघडली की डोळ्यांनी वाचता येते. दोष असतो टाकण्यात. ऑपरेटर '३८' टाकतो, प्रोग्रॅम 'सेट सेंच्युरी'च्या रोलओव्हर आकड्यावरून शतक ठरवतो, आणि १९३८ ला जन्मलेल्या सभासदाचा जन्म २०३८ ला होतो. वय उणे, ज्येष्ठ नागरिकाचं जादा व्याज बंद. मायएसक्यूएलही ०० ते ६९ ला २००० च्या शतकात आणि ७० ते ९९ ला १९०० च्या शतकात टाकतो. यावर खात्रीचा इलाज म्हणजे चार अंकी वर्ष सक्तीचं करणं.

जुन्या सभासदांचीच आणखी एक गोष्ट. जन्म १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातला असेल आणि तारीख ऐन एक दिवस मागे, वेळ रात्री अकरा दिसत असेल, तर गोंधळू नका. महायुद्धात भारताची घड्याळं एक तास पुढे, म्हणजे साडेसहा तासांच्या फरकावर होती. टाइम झोनच्या तक्त्यात हे नोंदलेलं आहे. एक प्रोग्रॅम तो तक्ता वापरतो, दुसरा सरसकट साडेपाच धरतो, आणि मध्यरात्र एक तास मागे सरकून आदला दिवस उगवतो.

आठवी तपासणी: बाइट वाचून पाहणं

वरचं काहीच जुळलं नाही तर आत काय साठवलंय ते पाहावं. हे फक्त वाचण्यापुरतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'डेटटाइम' किंमत 'व्हारबायनरी'मध्ये बदलून मागितली तर आपल्या आखाजीच्या पावतीचे बाइट सोळाच्या पायावर '०० ०० बी१ ६सी' आणि '०० एडी ०८ ई०' असे दिसतात. पहिले चार म्हणजे ४५४२० दिवस, पुढचे चार म्हणजे सेकंदांचे तीनशेवे भाग. डिस्कवरच्या पानात मात्र हेच आठ बाइट उलटे असतात: 'ई० ०८ एडी ००', मग '६सी बी१ ०० ००'. लहान बाजूचा बाइट आधी ठेवण्याची ही प्रोसेसरची पद्धत आहे. फाइल बिघडली असं समजू नका. दुसऱ्या यंत्रणेने हे बाइट सरळ क्रमाने वाचले तर कुठल्याही महिन्यात न बसणारा अवाढव्य आकडा येतो. काट्याच्या यंत्रातून थेट बाइट घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा दोष मी पाहिला आहे.

आतला आकडा बरोबर निघाला तर दोष दाखवणाऱ्या भागात आहे. आतलाच चुकीचा असेल तर लिहिणाऱ्या भागात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हेक्स एडिटरने (बाइट थेट दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) डेटाबेसची फाइल उघडून बाइट बदलण्याचा मोह झाला तर लगेच थांबा. पानाची तपासबेरीज जुळणार नाही आणि अख्खं टेबल वाचता येणार नाही.

एसक्यूएल सर्व्हरची 'डीबीसीसी चेकडीबी' तपासणी चुका दाखवत असेल तर प्रश्न तारखेचा राहिलेला नाही. नवीन नोंदी बंद करा, मशीन तसंच ठेवा, डेटाबेस दुरुस्तीचं काम रोज करणाऱ्यालाच बोलवा. चालणारा बॅकअप नसेल तर आणखी लवकर.

बरोबर आणि चुकीच्या नोंदी एकाच काळात मिसळलेल्या असतील आणि त्यांना वेगळं करणारी खूण सापडत नसेल, तर एकगठ्ठा बदल करू नका. तारखेवरून व्याज मोजणाऱ्या पतपेढीत एका दिवसाची चूक प्रत्येक खात्यात पैशांची चूक होते. तिथे सॉफ्टवेअर पुरवणारा आणि लेखापरीक्षक दोघं समोर हवेत.

जीएसटी विवरणपत्र भरून झालेल्या महिन्यातली किंवा ताळेबंदावर सही झालेल्या वर्षातली तारीख मागच्या दाराने बदलू नका. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद ठेवणं सक्तीचं आहे, आणि डेटाबेसमध्ये थेट केलेला बदल त्या नोंदीत बहुधा येत नाही. आधी सीएंना विचारा. त्यांनी दुरुस्ती चालू वर्षात दाखवायला सांगितली, तर जुनी नोंद चुकीच्या तारखेसकट तशीच राहू द्या.